झिरोच्या दिव्याचे साडेचार युनिट

मी एक जुना दिवा आहे, मित्रांनो. लिंबाएवढा, निळा आणि नावाने शून्य. तुम्ही मला झिरोचा बल्ब म्हणता. हे नाव मला कोणी ठेवले ते ठाऊक नाही, पण ज्याने ठेवले त्याचे माझ्याशी काहीतरी वाकडे असावे. रात्ररात्र जागायचे आणि वर शून्य म्हणवून घ्यायचे, हे कोणाला आवडेल?

माझा जन्म मला स्वप्नासारखा आठवतो. पातळ काच, तिच्यात एक गरम फुंकर, मग निळ्या रंगात बुडी. माझ्या पितळी टोपीवर एका यंत्राने काहीतरी बारीक ठोकले. काय ठोकले, ते मला कसे दिसणार? आपल्या डोक्यावर काय लिहिले आहे ते कोणालाच दिसत नाही.

पुढे मी एका दुकानात आलो. दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच गोष्ट सांगायचा, "झिरोचा आहे, खुशाल रात्रभर लावा. काही जळत नाही!" मी खोक्यात पडल्या पडल्या ऐकायचो. काहीच जळत नसेल तर मी उजेड आणतो कुठून, असा मला प्रश्न पडे. पण दिव्याला कोण विचारतो?

मला आत्याने विकत घेतले. तेव्हा ती कोणाची आत्या नव्हती. ती एका छापखान्यात मुद्रिते तपासायची. पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या, हे तिचे काम. दिवसभर बारीक अक्षरे वाचून तिचे डोळे लाल व्हायचे. भाड्याच्या एका खोलीत ती एकटी राहायची. झोपताना मोठा दिवा बंद करून मला लावायची आणि स्वतःशीच म्हणायची, "मध्येच जाग आली तर आपण कुठे आहोत ते कळायला नको का बाई?"

मग माझे राज्य सुरू होई. भिंती निळ्या, उशी निळी, खुंटीवरची साडी निळी. सगळी खोली तळ्याच्या तळाशी गेल्यासारखी संथ होई. आत्या कूस बदलायची, माझ्याकडे अर्धवट डोळ्यांनी बघायची आणि पुन्हा झोपायची. मला वाटे, तिची स्वप्नेही निळीच असतील. माझ्याबरोबरचे दिवे कधीच गेले. मी एवढी वर्षे कसा टिकलो, हे मलाही एक कोडेच आहे.

एक दिवस छापखाना बंद पडला. आत्याचे डोळेही थकले होते. तिच्या धाकट्या भावाने सांगितले, "ताई, आता एकटी राहू नकोस. आमच्याकडे ये." ती आली. एक बॅग, एक भिंग आणि रुमालात गुंडाळलेला मी, एवढाच तिचा संसार.

भाऊ बस डेपोत तिकीट खिडकीवर, त्याची बायको दवाखान्यात कामाला, मुलगी शाळेत. मुलीला सगळे मिठू म्हणत, कारण तिची बडबड थांबतच नसे. आत्या येईपर्यंत त्या घराला दिवसभर कुलूप असायचे. आत्याची खाट बाहेरच्या खोलीत पडली. तिथेच जेवणाचे टेबल, तिथेच दाराच्या मागे विजेचे मीटर, आणि त्याच्या वर मी. त्यामुळे घरातले सगळे मला आपोआप कळायचे.

त्याच महिन्यात एका दुपारी मीटर वाचणारा आला. आत्याने दार उघडले तर तो हरखलाच. "सापडलात बुवा एकदाच्या! तीन महिने येतोय आजी, दर वेळी कुलूप."

"आजी कोणाला म्हणतोस रे?" आत्या म्हणाली. पण तिने त्याला पाणी दिले. त्याने आकड्यांचा फोटो काढला आणि तो गेला.

काही दिवसांनी बिल आले. रात्री जेवताना भावाने नेहमीप्रमाणे सगळ्यात खालची, रकमेची चौकट तेवढी बघितली, आणि त्याचा चेहराच उतरला.

"दुपटीच्या वर! मागच्या महिन्यापर्यंत बरं चाललं होतं. एका महिन्यात झालं तरी काय?"

एका महिन्यात काय झाले होते ते सगळ्यांनाच माहीत होते. आत्या आली होती. भावाला आपली चूक कळली आणि त्याने घाईघाईने आमटी वाढून घेतली.

"माझा आपला झिरोचा दिवा," आत्या हळूच म्हणाली. "त्याला काही लागत नाही."

मित्रांनो, त्या क्षणी मला फार वाईट वाटले. तिचा सगळा भरवसा माझ्या नावावर होता.

दुसऱ्या दिवशी मिठू शाळेतून आली तेव्हा आत्याची बॅग खाटेवर उघडी होती. साड्यांच्या घड्या आत जात होत्या.

"कुठे चाललीस?"

"मैत्रिणीकडे. थोडे दिवस." आत्याने तिच्याकडे बघितले नाही. "पण जायच्या आधी माझ्या वाटचे पैसे देऊन जाणार. ते बिल आण बघू. माझं किती झालं ते काढू या."

मिठू बिल घेऊन आली. आत्याने भिंग काढले आणि मुद्रित वाचावे तसे ते पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले. खालची चौकट तिने झाकूनच ठेवली.

"ही रक्कम कसली गं? स्थिर आकार?" मिठूने विचारले.

"तार घरात आली ना, म्हणून द्यायचा. दिवे लावा, नाहीतर लावू नका," आत्या म्हणाली. "खरं मोजायचं ते युनिट. हजार वॅटची वस्तू तासभर चालली की एक युनिट. तुमची इस्त्री तासभर फिरवली की झालं एक. वॅट गुणिले तास, भागिले हजार."

"मग तुझ्या दिव्याचं सोपं आहे. शून्य गुणिले काहीही, शून्यच!"

आत्याच्या हातातले भिंग मात्र थांबले. जन्मभर तिने छापलेल्या शब्दावर विश्वास ठेवण्याआधी तो तपासला होता. मलाच तेवढे तिने कधी तपासले नव्हते. तिने मिठूला स्टुलावर चढवले. बटण बंद होते. मिठूने मला फिरवून काढले आणि फ्रॉकला पुसले. माझ्या टोपीवर भिंग आले. एवढा मोठा डोळा मी पहिल्यांदाच बघितला.

"पंधरा! आत्या, इथे पंधरा वॅट लिहिलंय!"

माझा आनंद काय सांगू! मी पंधरा होतो. जन्मापासून पंधरा होतो! पण आत्या मटकन खाटेवर बसली.

"म्हणजे मी खातच होते की गं," ती म्हणाली. "आणि वर काल सगळ्यांसमोर काही लागत नाही म्हणाले."

माझा आनंद तिथेच विझला. मिठूने मात्र पाटी काढली. पंधरा वॅट, रात्रीचे दहा तास, दीडशे. महिन्याच्या तीस रात्री, साडेचार हजार. भागिले हजार. "साडेचार युनिट. बस एवढेच! आणि बिलात किती वाढलेत? आधी ऐंशी यायचे, आता दोनशे पाच. बाकीचे कोणी खाल्ले?"

आत्याने पुन्हा भिंग उचलले. ती ओळीओळीने खाली आली आणि एका ठिकाणी तिचे बोट टेकले. आधीच्या तिन्ही महिन्यांसमोर बारीक अक्षरांत छापले होते, 'दार बंद, सरासरी'.

मग सगळा गुंता सुटला. घराला कुलूप, म्हणून मीटर वाचलेच नव्हते. अंदाजाने ऐंशी ऐंशी युनिट लावले होते. या महिन्यात आत्याने दार उघडले, खरा आकडा मिळाला, आणि मागचे राहिलेले सगळे एकदम आले. चार महिन्यांचे मिळून चारशे पंचेचाळीस. त्यातले दोनशे चाळीस आधीच भरलेले, उरले दोनशे पाच. म्हणजे घर दर महिन्याला एकशे दहाच्या आसपास वापरत होते, आत्या नव्हती तेव्हाही.

संध्याकाळी मिठूने दारातच बाबांना गाठले आणि बूटही काढू न देता सगळे सांगून टाकले. भावाने बिल पहिल्यांदाच वरून खाली वाचले. दोनदा वाचले. "उद्या ऑफिसात जातो," तो म्हणाला. "चार महिन्यांचं चार महिन्यांत वाटून द्या म्हणतो. एकदम लावलं की वरच्या टप्प्याचा महाग दर पडतो." मग त्याची नजर खाटेवरच्या बॅगेकडे गेली.

आत्याने टेबलावर पैसे ठेवले. "साडेचार युनिटचे. तुमच्या दराने काढलेत."

"अगं ताई, वेडी का तू? तुझा कसला खर्च? शून्य!"

तो प्रेमानेच बोलला होता. पण आत्याचा चेहरा बघून मला कळले, की हा शब्द तिलाही माझ्याइतकाच लागतो.

"शून्य नाही," ती म्हणाली. "साडेचार. मी या घरात राहते तर माझंही काहीतरी होणारच ना रे?"

भावाने पैसे उचलले, नीट मोजले आणि खिशात टाकले. मिठूची आई काही बोलणार होती, तिला त्याने नजरेनेच थांबवले.

"बरोबर आहेत," तो म्हणाला. "पण पुढच्या महिन्याचेही लागतील हं. आणि त्याच्या पुढच्याचेही. मी सोडणार नाही."

आत्या हसली, आणि हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला. बॅगेतल्या साड्या मिठूनेच बाहेर काढल्या. त्या रात्री मी लागलो तेव्हा घर नेहमीपेक्षा जास्त निळे वाटले.

आता माझ्या जागी अर्ध्या वॅटचा एक नवा दिवा आहे. आत्याने हिशेब करूनच आणला. मी भिंगाशेजारी खणात असतो, रुमालात. मला झोप येते, मधूनच जाग येते, आणि आपण कुठे आहोत ते मला कळते.

मित्रांनो, वीज जपून वापरा, बिल वरून खाली वाचा, आणि कोणाच्याही नावावर जाऊ नका. तुमच्या घरातही कोपऱ्यात कोणीतरी मंदसे जळत असेल. त्याला शून्य म्हणू नका. जवळ जा, टोपी पुसा आणि आकडा वाचा. माझा पंधरा आहे.