बोडखीचं टोक

प्रेमदासच्या डोक्यात राग सकाळपासूनच होता, आणि चढावर तो उतरायचा सोडून वाढतच चालला होता. बोडखीच्या डोंगराचं टोक कारंज्याच्या सडकेवरून कुणालाही दिसतं. बैलालाही दिसतं. पण तिथं उभं राहायचं कुणी, हे मात्र गावानं ठरवलेलं. दर दसऱ्याला रूपराव पाटील टोकावर झेंडा रोवत, आणि प्रेमदासचा बाप हरिदास त्यांच्यापुढे डफडं वाजवत डोंगर चढे. टोकाखालच्या सपाट खडकावर त्याला थांबवत. "तू इथंच वाजव," म्हणत. बाप मरेपर्यंत तिथंच वाजवत राहिला.

गेल्या वर्षी नागपूरला दीक्षा घेऊन आल्यापासून घरानं डफडं बंद केलं. परवाचा दसरा त्याच्याविनाच झाला. तेव्हा पाटील चावडीवर सगळ्यांदेखत बोलून गेले, "डफडं सोडलं म्हून हे आता टोकावर चढतीन काय?" झालं, प्रेमदासनं तेच मनावर घेतलं. चढायचं आणि उभं राहायचं. हात जोडायला नव्हे. देवांशी त्याला आता काही देणंघेणं उरलं नव्हतं. फक्त पाय ठेवायला.

सोबत पुनाजी होता. हा गोंड, डोंगराच्या पायथ्याशीच घर. लहानपणी दोघांनी याच उतारावर गुरं राखलेली. आश्विनातलं गवत वाळून पिवळं पडलं होतं, धोतरात कुसळं घुसत होती. वाट संपून नुसते दगड लागले, तशी दोघांनाही हातांचे पाय करावे लागले. एका उभ्या कपारीत प्रेमदासची बोटं निसटली. वरून पुनाजीनं मनगट धरून त्याला ओढून घेतलं.

"पाटलाले शिव्या खाली जाऊन देजो," तो म्हणाला. "इथं दगड पाहून पाय ठेव."

सपाट खडक आला. वर टोक उरलं होतं जेमतेम दोन पुरुष उंच, त्यावर पाटलांचा झेंडा. प्रेमदासनं बाह्या सारल्या, तर पुनाजीच आडवा आला.

"इथून वर नको जाऊ."

प्रेमदासचा कानांवर विश्वास बसेना. "तूबी? माह्या बापाले त्यायनं इथंच थांबवलं, अन् आता मले तू थांबवून राह्यला?"

"तुलेच नाई. कोनीच जात नाई. आमचा पेन बसते तिथं, आमचा देव. मी जन्मात वर गेलो नाई. माहा आजाबी इथंच बसे."

"मंग पाटील?"

"पाटील जाते. जोडे घालून जाते."

प्रेमदासचं अंग तापलं. म्हणजे बापाला ज्या जागेपासून अडवलं, तिथं जायचा पाटलालाच हक्क नव्हता. आयुष्यभर बापानं मान खाली घातली, ती दुसऱ्याच्या देवाच्या डोक्यावर जोड्यांनिशी उभ्या राहणाऱ्या माणसापुढे. हा कुठला न्याय?

"अन् तुमी गप बसले?" तो पुनाजीवरच उखडला. "बोलले काऊन नाई बे?"

"बोलला ना माहा बाप. इथंच उभा राहून बोलला." पुनाजी खडकाकडे बघत म्हणाला. "पन तुहा बाप डफडं बडवून राह्यलता. कोनाले आयकू येनार होतं?"

दोष बापाचा नव्हता, हे प्रेमदासला कळत होतं, आणि त्यामुळेच जास्त जळत होतं. दोन पुरुष चढायला वेळ तो कितीसा लागणार? पाटलांचं तोंड कायमचं बंद झालं असतं. त्यानं एकदा वर झेंड्याकडे पाहिलं. मग पाठ फिरवली आणि पुनाजीच्या आधीच उतरायला लागला.

चावडीवर पाटील माणसं जमवून बसलेच होते. दोघांना डोंगर चढताना सडकेवरून कुणीतरी पाहिलं होतं, आणि बातमी दोघांच्या आधीच पोचली होती.

"काय रे प्रेमदास, गेलता काय टोकावर?"

"नाई गेलो."

पाटील हसले, म्हणून बाकीचेही हसले. "म्या म्हटलंच होतं."

प्रेमदासनं मागे उभ्या पुनाजीचा दंड धरून त्याला पुढे घेतलं. "तिथं याचा देव हाय, पाटील. हा सोता तिथं पाय ठेवत नाई, म्हून मीबी ठेवला नाई. तुमी कोनाले इचारून गेलते?"