घोड्याचे हरभरे

केरबा सुट्टीवर आला त्याला आज चौथा दिवस, आणि अजून एका जागी त्याचं बूड टेकलं नव्हतं. घरातून गोठ्यात, गोठ्यातून पारावर, पारावरून पुन्हा घरात. त्याची आई रंगूबाई सोप्यात हरभरे पाखडत बसली होती. पायाला भिंगरी लागलीया का रं, असं तिनं सुपातून मान वर न काढता विचारलं. तो पुन्हा गोठ्याकडं वळला.

हरभरे त्याच्या घोड्यासाठी होते. आणि इथंच घोडं पेंड खात होतं, कारण घोडा मुळात नव्हताच.

झालं होतं ते असं. दहा वर्षांमागं, अडतीसच्या पुरात, केरबाचा थोरला भाऊ ज्ञानू वाहतं लाकूड धरायला कृष्णेत उतरला, तो लाकडासकट गेला. ज्ञानूचे दिवस झाल्यावर रंगूबाईनं चौदा वर्षांच्या केरबाला समोर उभं केलं, त्याची चिमूट आपल्या गळ्याला लावली आणि वदवून घेतलं, की पुन्हा पोहायला पाण्यात पडणार नाही. आता आमच्याकडं गळ्याची आण म्हणजे पोरखेळ नव्हे, बरं का. मोडणाऱ्याचं काही जात नाही; जिच्या गळ्याची, तिच्या जिवावर बेततं. सुटका एकच. जिनं घातली तिनं आपल्या तोंडानं ‘सुटली’ म्हणायचं.

पुढं केरबा खडकीला पलटणीत गेला. पूल बांधायच्या सरावात एक रंगरूट नदीत पडला, आणि आण आठवायच्या आत केरबानं उडी टाकली. एका हातानं त्याची मुंडी वर धरून त्याला काठाला आणलं. साहेबानं ते पाहिलं, आणि महिन्याभरात केरबा वॉटर पोलोच्या संघात. खेळ सरळ आहे: खोल हौदात तळाला पाय न टेकता एका हातानं चेंडू झेलायचा आणि समोरच्याच्या जाळ्यात हाणायचा. जो लहानपणी अंगावरची कापडं हातात उंच धरून उभ्यानं पोहत कृष्णा ओलांडायचा, त्याला त्यात काय अवघड? दोन वर्षांत भल्याभल्या मुंबईकरांच्या नाकी नऊ आणले पठ्ठ्यानं.

घरी मात्र त्यानं एवढंच लिहिलं, की मला पोलोत घेतलंय. वॉटर हा शब्द गिळला. पत्र वाचणारे नानासो, गावातले पेन्शनर हवालदार. त्यांनी राजेरजवाड्यांचा पोलो पाहिलेला. हा घोड्यावरचा खेळ, असं त्यांनी छातीठोक सांगितलं आणि रंगूबाईच्या जिवात जीव आला. पोरगं पाण्यापासून लांब, घोड्यावर! मग दर सुगीला ती घोड्यासाठी पायलीभर हरभरे धाडू लागली. आपण खोटं कुठं बोललो, अशी केरबानं मनाची समजूत घातली, हरभरे भिजवले आणि स्वतःच खाल्ले.

पण समजूत घातलेलं मन कुठवर गप्प बसणार? घरचं पत्र तो दोन-दोन दिवस फोडायचाच नाही. गेल्या थंडीत आई महिनाभर तापानं झोपून होती, तेव्हा तर त्याला वाटलं, ही माझीच करणी. तेव्हापासून ऐन सामन्यात त्याचा हात चेंडू सोडून स्वतःच्या गळ्याकडं जायचा. कप्तानानं वैतागून विचारलंही, तुझ्या गळ्यात अडकलंय तरी काय?

आणि आता अठ्ठेचाळीस साली त्याचं नाव लंडनच्या ऑलिंपिकला लागलं. मंगळवारी मुंबईत हजर व्हायचं, मग बोट. ‘सुटली’ हा शब्द घेतल्याशिवाय बोटीत पाय ठेवायची त्याची छाती नव्हती. मागायचा, तर चार वर्षांची लबाडी उघडी पडणार. त्यात गावी येताना सांगली स्टेशनवर वर्तमानपत्र चाळलं, तर संघाचा फोटो! अकरा गडी चड्डीवर, ओलेचिंब, आणि केरबा मधोमध. नानासो दर शनिवारी सांगलीच्या बाजाराला जात आणि ओळखीच्या अडत्याकडून आठवड्याची वर्तमानपत्रं घेऊन येत. आज शनिवार होता.

उन्हं कलली. बाजाराच्या गाड्या गावाकडं वळल्याची घुंगरं ऐकू आली, तसा केरबा आईपुढं येऊन बसला.

“आये, घोडा न्हाई.”

“मेलं व्हय रं?” रंगूबाईच्या हातातलं सूप थांबलं.

“नव्हताच.”

मग त्यानं सगळं सांगितलं. रंगरूट, हौद, पत्रातला गिळलेला शब्द, तिचा ताप. शेवटी रंगूबाईनं सूप भिरकावलं आणि सोपाभर हरभरे झाले.

“चार वरसं घोड्याला धाडलं,” ती म्हणाली, “आणि खाल्लं माझ्याच गाढवानं.”

“आये, मंगळवारी निघायचं हाय. सुटली म्हन.”

“न्हाई म्हननार.”

ती उठून चुलीपाशी गेली आणि पाठ करून बसली. केरबा दाणे वेचू लागला. एक वेचला की दोन निसटत. गेलं सगळं, असं त्याला वाटलं. बोट, लंडन, सगळं. बऱ्याच वेळानं ती परत आली. डोळे पुसलेले होते.

“ज्ञानूला म्या कवा आन घातली न्हवती. म्हनून लाकूड सोडंना त्यो. तुला आन हाय, म्हनून तू भ्यालास. भ्यालेला मानूस काठाला येतो, लेकरा.”

तिनं त्याचा हात ओढून पुन्हा आपल्या गळ्याला लावला. आता तिथली कातडी सैल पडली होती.

“नवी घे. जितक्या डाव खाली जाशील, तितक्या डाव वर येशील. म्हन.”

केरबानं म्हटलं.

“मग जुनी सुटली,” रंगूबाई म्हणाली, आणि उरलेले हरभरे वेचून फडक्यात बांधायला लागली.

तेवढ्यात नानासो वर्तमानपत्र नाचवत दारात आले. चष्मा कपाळावर, चेहरा गोंधळलेला.

“रंगूबाई, केरबाचा फोटो आलाय. पर ह्यात घोडं कुठं दिसंना.”

रंगूबाईनं फडक्याची गाठ दातांनी घट्ट आवळली.

“पान्याखाली आसंल,” ती म्हणाली. “यील वर.”