कुरकुरत्या दाराची तोंडी परीक्षा

यंत्र विभागात कुणी कुणाला नावानं हाक मारत नसे. ज्याचा जो संशोधनाचा विषय, तेच त्याचं नाव. त्यामुळे वंगणवाले सर नव्यानं रुजू झाले, तेव्हा त्यांनी आपली ओळख कामातूनच करून द्यायची ठरवली. पहिल्याच सकाळी त्यांनी प्रयोगशाळेच्या कुरकुरणाऱ्या दाराच्या बिजागऱ्यांत तेल सोडलं.

थोड्या वेळानं धाकटी आली. ही विभागातली सगळ्यांत लहान संशोधक, म्हणून विषयाऐवजी तिला हेच नाव. तिनं दार ढकललं, ओढलं, पुन्हा ढकललं. दार गप्प होतं.

दार का कुरकुरतं, ते आधी समजून घेऊ. बिजागरीत लोखंडावर लोखंड घासतं. ते अडखळतं, सुटतं, पुन्हा अडखळतं. त्या अडखळण्यालाच आवाज फुटतो. एवढ्याशा गोष्टीवर बिजागरीवाल्या सरांनी उभी हयात घालवली होती, आणि त्यांच्या हाताखाली धाकटीनं ऐन उमेदीची वर्षं. आज दुपारी तिची तोंडी परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक हे दार स्वतःच्या कानांनी ऐकणार होते. दार बोललं नाही, तर पदवी गेली.

“चांगलंच केलं ना मी?” वंगणवाले सर म्हणाले.

“चांगलं?” बिजागरीवाले सर मटकन खाली बसले. “अहो, माझ्या विषयाचा गळा दाबलात तुम्ही.”

“मी गंज चढवून देते की,” गंजवाल्या मॅडम मायेनं म्हणाल्या. “फक्त पावसाळा जाऊ द्या.”

“मॅडम, परीक्षक जेवायला बसलेत,” धाकटी म्हणाली.

रॉकेलनं धुऊन झालं, चिंधीनं पुसून झालं, दाराला लोंबकळूनही झालं. दार हूं की चूं करीना.

परीक्षक आले. त्यांनी दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. “मला तर काहीच ऐकू येत नाही.”

धाकटीच्या घशाला कोरड पडली. तशीच ती दाराला खेटून उभी राहिली. “पुन्हा उघडा, सर. जरा हळू.”

दार हललं आणि धाकटीच्या गळ्यातून कुरकुर निघाली. अडखळत, सुटत, पुन्हा अडखळत.

“हवा दमट असेल तर?” परीक्षकांनी विचारलं.

तिनं आवाज जड केला.

“वरची बिजागरी सैल असली तर?”

तिनं शेवटी एक बारीक किंकाळी जोडली. बिजागरीवाल्या सरांनी डोळ्यांना रुमाल लावला.

“अस्सल आहे,” परीक्षक म्हणाले आणि सही करून मोकळे झाले. “हिला मात्र इथून हलवू नका.”

विभागानं ते अक्षरशः पाळलं. पदवीबरोबर धाकटीला दाराशेजारी एक खुर्ची मिळाली. कुणी आत आलं की ती कुरकुरते आणि नवे विद्यार्थी माना डोलावत टिपणं काढतात.

एकदा तिचा घसा बसलेला पाहून वंगणवाले सर मध घातलेलं गरम पाणी घेऊन आले. बिजागरीवाले सर ताडकन उठले.

“खबरदार, पुन्हा तेच करताय तुम्ही.”

धाकटीनं दोघांच्या देखत पेला रिकामा केला. त्या दिवशी दार संध्याकाळपर्यंत गप्प होतं.