महिन्याला अडीच किलो

शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात ती कापड बेतायची, म्हणून सगळे तिला मास्तरीण म्हणत. वजन एकशे अठरा किलो. "माझ्या एका झग्यात तुमच्या अख्ख्या वर्गाचे सदरे निघतील," असं ती स्वतःच म्हणून मोकळी व्हायची. मग समोरच्याला हसण्यापलीकडे काही उरायचं नाही.

धाकट्या भावाच्या, बारक्याच्या, दोन्ही किडन्या गेल्या आणि साऱ्या घरात जुळणारी एकटी तीच निघाली.

"सगळं जुळतंय," डॉक्टर म्हणाले, "पण या वजनावर मी तुमच्या पोटाला सुरी लावणार नाही. पंच्याऐंशीवर या."

"दोन महिन्यांत येते."

"दोन महिन्यांत आलात तर परत पाठवीन. महिन्याला अडीच किलो. आणि उतरलेलं टिकलेलं दिसायला हवं. उपाशी राहून शरीराची माती केलीत, तर किडनी घ्यायची कुणाची?"

म्हणजे तेरा महिने. बारक्याकडे तेरा महिने आहेत का, हे विचारायला तिची जीभ रेटली नाही.

सांगितलेलं ऐकेल ती मास्तरीण कसली! नऊ दिवस ती पाणी आणि बिनसाखरेच्या चहावर राहिली. दहाव्या दिवशी कापायचं मशीन चालू असतानाच तिला घेरी आली. पातं कापडाच्या चाळीस थरांतून आडवंतिडवं गेलं. बोटं वाचली हे नशीब. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी तिला शाळकरी पोरीसारखं फैलावर घेतलं. त्यानंतर मात्र ती सरळ झाली. अर्धं ताट भाजी, वाटीभर डाळ, मोजून दोन पोळ्या. सकाळी चालणं. आधी गल्लीच्या टोकापर्यंत, मग पाण्याच्या टाकीपर्यंत, मग टाकीला तीन फेऱ्या. दर सोमवारी काट्यावर.

बारक्या आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनवर जायचा. सुई टोचलेला हात उशीवर ठेवून तो विचारायचा, "ताई, आज किती?"

"एकशे चार."

"अगं, हळू. तू अशीच झिजत गेलीस तर लोक तुलाच बारक्या म्हणतील. मग मी कुठं जाऊ?"

नवव्या महिन्यात काटा सत्त्याण्णववर येऊन हटून बसला. एक महिना झाला, दीड झाला. तिनं बाईंच्या टेबलावर डोकं टेकलं. "आणखी कमी खाते. एकच वेळ जेवते."

"नाही," बाई म्हणाल्या. "शरीर थांबतं कधीकधी. तुम्हीही थांबा."

ती थांबली. त्या दीड महिन्यात बारक्याचे पाय सुजले, पण मग काटा पुन्हा खाली सरकू लागला. पंधराव्या महिन्यात ती पंच्याऐंशीवर आली. डॉक्टरांनी तिचा हात हातात घेऊन शाबासकी दिली, दोघांच्या तपासण्या लावल्या. तिच्या सगळ्या चोख आल्या. बारक्याच्या हृदयाची तपासणी करून डॉक्टर बाहेर आले आणि भिंतीकडे बघत बोलू लागले. हृदय फार थकलं होतं. आता टेबलावर घेतलं तर तो उठणार नाही.

"मग मी?" मास्तरीण म्हणाली. "मी आले ना पंच्याऐंशीवर?"

"तुम्ही सगळं बरोबर केलंत," डॉक्टर म्हणाले.

बारक्या त्यानंतर पावणेदोन महिने जगला.

भेटायला आलेली माणसं दारातच थबकायची. "अगं बाई, केवढी बारीक झालीस! छान दिसतेस हो!" एका आतेबहिणीनं तर काय खातेस ते लिहून मागितलं. मास्तरणीनं लिहून दिलं.

माणसं गेल्यावर भावजय ओट्याशी पाठमोरी उभी होती. "ताई, एक विचारू? तो दीड महिना... तेव्हा थोडं कमी खाल्लं असतंत तर?"

"त्यांनी नको म्हटलं गं."

"हो. त्यांनी म्हटलं." भावजयीनं नळ सोडला आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला घेतली. त्यानंतर तिनं कधी हा विषय काढला नाही. फोनही केला नाही.

मास्तरणीनं डॉक्टरांना गाठून तेच विचारलं. दीड महिना आधी आले असते तर? "सांगता येत नाही," ते म्हणाले. ते खोटं बोलले असते तर बरं झालं असतं.

मग तिनं ठरवून खायला सुरुवात केली. पावाची अख्खी लादी, साखर, तूप, हाताला येईल ते. तीन आठवड्यांत सहा किलो चढले. पण एका दुपारी ताटावर बसली आणि घास गिळवेना. खाणंही जमेना, न खाणंही जमेना. सोमवारी दवाखान्यात गेली, तर बाईंनी आकडा लिहून घेतला, रागावल्या नाहीत.

"टिकवणं उतरवण्याहून अवघड असतं," त्या म्हणाल्या. "पुन्हा चालायला लागा."

"कशासाठी?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग पुन्हा उचललं. पुढच्या सोमवारची वेळ त्यांनी कार्डावर लिहून दिली.

दुसऱ्या दिवशी मास्तरीण चालायला गेली. टाकीजवळचा चढ ती न थांबता, धाप न लागता चढली. श्वास अगदी मोकळा चालत होता, आणि तिला त्याची लाज वाटली.