फिरकी कोणी लावायची

आता जे सांगतेय त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझी जीभ झडो, दात तर आधीच झडलेत.

दोघी बहिणी. थोरली लोकांचे केस कापायची. धाकटी हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करायची. इतक्या चादरी, की एकीला एक जोडल्या असत्या तर चंद्रालासुद्धा अभ्रा झाला असता. दोघींना वेड एकच, डोंगराचे कडे चढायचं. एक चढायची, दुसरी खालून दोर सांभाळायची. धाकटीची पाळी आली की ती कमरेच्या पट्ट्यात लोखंडी कडी अडकवून फ्रॉक घालून घ्यायला लहान पोर उभी राहावी तशी हात वर करून उभी राहायची. कडीची फिरकी थोरली फिरवायची. फिरकी घट्ट बसली की कडी उघडत नाही. “तुझा काही भरवसा नाही बाई,” म्हणायची. वर्षानुवर्षं हेच.

मग आई अंथरुणाला खिळली. ती राहायची धाकटीकडे. धाकटीने थोरलीला म्हटलं, थोडे दिवस तू ने.

“माझ्याकडे जिना आहे, आईला वर आणू कशी?” थोरली म्हणाली.

“आख्खे कडे चढतेस आणि घरचा जिना नडतो होय गं तुला?”

झालं. तेव्हापासून बोलणं बंद.

धाकटी रात्री आईची कूस बदलायची, दिवसा चादरी. अंगाचं पार चिपाड झालं. एका सुट्टीच्या सकाळी शेजारीण म्हणाली, “जा कुठेतरी, मी बसते आईपाशी.” दुसरं कोणी असतं तर झोपलं असतं. ही दोर घेऊन कड्यावर गेली, एकटीच.

एकटीने चढायचं तर दोर धरणार कोण? म्हणून तिने मागच्या वाटेने माथ्यावर जाऊन दोन दोर बांधले. एक जाडजूड झाडाला, दुसरा पलीकडच्या खडकाला. झाडाने दगा दिला तर खडक आहे. खाली येऊन प्रत्येक दोराच्या टोकाला पाण्याची भरलेली बाटली लटकवली, म्हणजे दोर ताठ राहतो. मग दोन्ही दोरांवर एकेक चाप चढवला. हा चाप माणसाबरोबर वर सरकतो, पण खाली ओढ बसली की दोराला चावतो. दोन्ही चाप आपापल्या कडीने पट्ट्याला जोडले. आळीपाळीने एकेका दोराला लोंबकळून पाहिलं. दोन्ही चावले.

एका कडीची फिरकी तिने लावली. दुसरीची लावायच्या आधी सवयीने हात वर केले.

समोर कोणी नव्हतं. जरा वेळ तशीच उभी राहिली, मग हात खाली घेतले आणि चढायला लागली.

अर्ध्यावर गेली असेल. बोटांत जोर नव्हता, डोळे मिटत होते. वाकून पाय टेकवताना ती बिनफिरकीची राहिलेली कडी खडकाच्या कडेवर दाबली गेली, उघडली, आणि चाप सुटून दोरावरच राहिला. धाकटीला पत्ता नाही. पुढच्याच पावलाला पाय घसरला.

हातभर खाली आली आणि दुसऱ्या दोराने धरलं. तोंडासमोर रिकामा चाप, कमरेला उघडी कडी. ती बघत राहिली. मग लक्षात आलं, हिची फिरकी लावायचीच राहिली होती.

चाप परत जोडला. फिरकी फिरवली. पण आपण फिरवली यावर तिचा स्वतःचाच विश्वास बसेना. पुन्हा फिरवून पाहिली. पुन्हा. शेवटी लोंबकळत खिशातून फोन काढला. थोरलीने पहिल्याच रिंगला उचलला.

“बोल.”

“ताई, माझी फिरकी बघशील?”

“कुठे आहेस?”

“कड्यावर. मध्येच.”

“दोर कोणी धरलाय?”

“कोणीच नाही.”

थोरलीच्या खुर्चीत एक गिऱ्हाईक अर्धं डोकं कापून बसलं होतं. त्याला म्हणाली, “हलू नका.” मग इकडे, “व्हिडिओ लाव. खाली धर. हाताने दाबून दाखव. आता दुसरी. हं, बसलीये.”

धाकटी रडली, पण आवाज न करता.

“किती दिवस झोपली नाहीस गं?”

“माहीत नाही.”

“चढू नकोस आता, उतरता येतंय?”

“वर जाणं सोपं आहे. वरून पायवाट आहे.”

“मग फोन चालू ठेव आणि सावकाश जा. संध्याकाळी मी आईला न्यायला येते. शेजारचे दोघं खुर्चीत बसवून उचलतील तिला. तू महिनाभर नुसती लोळ.”

“जिना?”

“गप चढ.”

खिशातल्या फोनमधून कात्री चालल्याचा आवाज येत राहिला, आणि धाकटी माथ्यावर पोचली. संध्याकाळी आई थोरलीकडे गेली.

बरं, एक गोष्ट मी घातली पदरची. थोरलीने पहिल्या रिंगला उचलला नव्हता. दोनदा कापला होता तिने.