खोक्यावरचे तीस तास

त्या इमारतीतल्या निम्म्याहून अधिक माणसांचा तिला मनापासून तिटकारा होता, आणि तो लपवायची तसदी ती घेत नसे. लपवायचा तरी कुणापासून? चाचणी विभागात ती एकटीच. तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला लांबट खोली. भिंतीलगत टेबल, टेबलावर ओळीने बारा यंत्रं मांडलेली, प्रत्येकाच्या पोटातून दोन वायरी बाहेर काढलेल्या. कोपऱ्यात फ्रिजएवढं एक कपाट, त्यात हवी तेवढी थंडी किंवा उकाडा तयार करता यायचा.

कंपनी सायकलच्या हँडलवर बसवायचे जीपीएस बनवायची. तळहातावर मावेल एवढं यंत्र, पण रस्ता दाखवणार, वेग सांगणार, चढ मोजणार, छातीचे ठोकेसुद्धा मोजणार. स्वतःचा जीव किती उरलाय, एवढंच त्याला धड सांगता येत नसे. बॅटरी चाळीस टक्के दाखवायचं, थोड्या वेळात अकरा, आणि पुढच्या वळणाला काळाठिक्कर पडदा.

खोक्यावर मात्र ठसठशीत अक्षरांत छापलेलं होतं: ‘बॅटरी तीस तास’.

हे तीस तास कुठून आले, ते तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. दोन वर्षांपूर्वी उत्पादन विभागाचे प्रमुख चाचणीच्या अटींचा एक कागद घेऊन वर आले होते. ऑफिसात या गृहस्थांना सगळे पाठीमागे ‘चकाचक’ म्हणत. बूट चकाचक, टक्कल चकाचक, बोलणं तर विचारूच नका. कागदावर लिहिलं होतं: पडद्याचा दिवा बंद. नकाशा बंद. ठोके मोजणारा पट्टा जोडायचा नाही. फोन जोडायचा नाही. यंत्र गच्चीवर, उघड्या आभाळाखाली, एका जागी ठेवायचं. हवा सुखद असावी.

“सर, म्हणजे यंत्र गच्चीत पडून राहणार आणि आपण त्याचे तास मोजणार,” ती म्हणाली होती.

“सगळे असंच मोजतात, मॅडम.”

यंत्र गच्चीत तीस तास आणि दोन मिनिटं पडून राहिलं. तिने अहवाल लिहिला, ‘दिलेल्या अटींनुसार तीस तास’, आणि खाली सही ठोकली. खोकं छापणाऱ्यांनी ‘दिलेल्या अटींनुसार’ तेवढं गाळलं. तेव्हापासून ती चकाचकला खोटारडा म्हणायची, खोकं छापणाऱ्यांना गाढव म्हणायची, आणि तळमजल्यावर तक्रारी घेणाऱ्यांना पोपट. सही आपली आहे, याबद्दल मात्र तिचं ठरलेलं उत्तर होतं: मी ‘अटींनुसार’ लिहिलं होतं.

तक्रारी आल्या की पोपट मंडळी एकच तयार उत्तर पाठवत. प्रकाश कमी ठेवा, नकाशा शक्यतो बंद ठेवा, पट्टा काढून ठेवा, थंडीत वापर टाळा. ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा ती हसत सुटली होती. “यंत्र विकत घ्या आणि खिशात ठेवा, एवढं एका ओळीत लिहा की!”

आता हे यंत्र तिच्या आत्याकडेही होतं. आत्या त्रेसष्ट वर्षांची. जमीन मोजणाऱ्या खात्यात उभी हयात गेलेली, निवृत्तीनंतर सायकल धरली ती अशी की तिच्यामागे दम लागावा. भाची या कंपनीत म्हणून तिने दुसरं कुठलं यंत्र बघितलंच नाही. सगळ्या मैत्रिणींना खोकं दाखवून झालं होतं: “याची परीक्षा आमच्या पोरीने घेतलीय.”

त्या शनिवारी आत्याची दोनशे किलोमीटरची सफर होती. पहाटे सहाला निघायचं, साडेतेरा तासांत परत. आयोजकांचा नियम एकच: यंत्रात नोंदलेला रस्ता दाखवा आणि पदक घेऊन जा.

रविवारी सकाळी ती आत्याकडे गेली, तेव्हा आत्या बाल्कनीत उकिडवी बसून साखळीला तेल देत होती.

“मग? दाखव पदक.”

“पदक नाही. ‘अपूर्ण’ मिळालंय.”

“म्हणजे? सोडलीस मध्येच?”

आत्याने मान वर केली. “मी आजवर काही मध्येच सोडलंय? दोनशे नऊ किलोमीटर चालवली. दोनशे रस्त्याचे, नऊ चुकल्याचे. दोन वाजून वीस मिनिटांनी तुमचं ते यंत्र मेलं. त्यात एकशे शेहेचाळीस नोंदलेत. पुढे एका नाक्यावर विचारलं, तर एक शहाणा उजवीकडे म्हणाला, दुसरा डावीकडे. मी पहिल्याचं ऐकलं.”

“आयोजकांना सांगितलंस?”

“सांगितलं की. साडेपाचला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत परत आले. ते म्हणाले, काकू, तुम्ही आलात हे दिसतंय, पण नोंद नाही. मी म्हटलं, बाबांनो, मी पस्तीस वर्षं नोंदीच केल्या, पण समोर उभ्या माणसाला तू नाहीस असं कधी म्हटलं नाही.” तिने फडकं झटकलं. “ते जाऊ दे. सहाला चालू केलं, दोन वीसला बंद. किती झाले?”

“आठ तास वीस मिनिटं.”

“आणि खोक्यावर?”

तिने सवयीने सुरुवात केली. अटी काय होत्या, साहेब कसा आहे, छापणाऱ्यांनी शब्द कसे गाळले. आत्याने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही, हेच वाईट होतं.

“म्हणजे तुला माहीत होतं,” शेवटी आत्या म्हणाली.

“आत्या, मी अहवालात स्पष्ट...”

“मी अहवाल नाही विकत घेतला, खोकं घेतलं. आणि मला फोन करायला तुझ्या साहेबाने बंदी घातली होती का? ‘आत्या, ते आठ तासच चालतं, सोबत जादा बॅटरी ठेव.’ एवढं एक वाक्य.” ती पुन्हा साखळीकडे वळली. “मोजणीच्या वेळी जमीनमालक म्हणाला की टेप जरा सैल धरा, तर आम्ही टेप गुंडाळून घरी जायचो. चहा हवा असेल तर करून घे.”

चहा तिने केला नाही. जिना उतरताना तिला चकाचकचा राग आठवायचा होता, पण तो नेहमीसारखा पटकन हाताशी येईना. कपाळावर आठी घालून दुसऱ्यांना नावं ठेवणारी बाई, आणि सगळ्या गावाला लावते ते विशेषण स्वतःला लावायची पाळी आली तर अहवालातल्या दोन शब्दांमागे दडणारी. अशी बाई दुसऱ्या कुठल्या विभागात असती, तर तिने तिला काय काय म्हटलं असतं!

सोमवारी तिने बाराही यंत्रांचं पहिलं काम बाजूला सारलं. नकाशा चालू केला, दिवा चालू केला, पट्टा आणि फोन जोडला, यंत्रांना खोटा पण वळणावळणाचा रस्ता दिला आणि कपाटात हिवाळ्यातल्या सकाळची थंडी भरली. सगळ्यात चिवट यंत्र आठ तास चौतीस मिनिटं टिकलं. सगळ्यात आधी मेलं ते सात तास एकावन्नला. कागद घेऊन ती चकाचकच्या खोलीत गेली.

त्याने कागद दोन बोटांत धरला, ओला असल्यासारखा. “पण मॅडम, असं वापरतं कोण?”

“सायकल चालवणारे.”

“हा टोकाचा वापर झाला. मी स्वतः वापरतो ना! मला कधी अडचण आली नाही.”

हे त्याचं नेहमीचं पालुपद होतं. दरवर्षी दुकानदारांना घेऊन कंपनी एकशेवीस किलोमीटरची फेरी काढायची. चकाचक सगळ्यांत पुढे. फेरी संपली की तो यंत्र वर धरून दाखवायचा, अजून शहाण्णव टक्के! दुकानदार टाळ्या वाजवायचे.

यंदाची फेरी त्याच आठवड्यात होती. निघायच्या आधी नवी यंत्रं द्यायला ती मागच्या गोदामात गेली, तर कंपनीचा सायकल-मिस्त्री चकाचकच्या सायकलीवर वाकून काळी चिकटपट्टी लावत होता. हँडलच्या खालून एक बारीक वायर निघाली होती, दांड्याच्या कडेकडेने जाऊन एका छोट्या पिशवीत शिरली होती. तिने पिशवीची चेन उघडली. आत विटेएवढी जादा बॅटरी.

“हे काय?”

“साहेबांचं दर वेळचंच आहे,” मिस्त्री म्हणाला. “वायर दिसली नाही पाहिजे म्हणतात. मागच्या वर्षी लोंबत होती, तर मला झापलं.”

तेवढ्यात चकाचक आला. अंगात घट्ट, रंगीत कपडे. पोट त्या कपड्यांशी भांडत होतं. उघडी पिशवी पाहिल्यावर क्षणभर त्याचा चेहरा उतरला, मग लगेच इस्त्री झाल्यासारखा सपाट.

“ते फोनसाठी आहे.”

“वायर यंत्रात गेलीय, सर.”

“मॅडम, दुकानदारांसमोर बंद पडलं तर कंपनीचं नाव जाईल. मी कंपनीसाठी करतोय हे.”

खोटारडा म्हणत आली तरी तिला वाटलं होतं, हा माणूस निदान आपल्या थापेवर विश्वास ठेवत असेल. मूर्ख असेल, पण प्रामाणिक मूर्ख. तो तेवढाही नव्हता. तिने चेन पुन्हा ओढली आणि म्हणाली, “पट्टी नीट दाबा हो मिस्त्री. चढावर सुटेल.”

महिन्याभराने नवं यंत्र आलं, आणि त्यासोबत नवा कागद. अटी त्याच, आकडा वाढलेला: चाळीस तास. चकाचकने पेनसुद्धा सोबत आणलं होतं.

“मी सही करणार नाही,” ती म्हणाली.

“अहवालात तुम्ही ‘अटींनुसार’ लिहा की. तुमचं काय जातं?”

“मागच्या वेळी हेच वाटलं होतं मला. तुम्ही करा सही. तुम्ही स्वतः वापरता ना?”

तो हसला. “मी तांत्रिक माणूस नाही हो.”

पेन दोघांच्या मध्ये टेबलावर पडून राहिलं. चकाचकने ते उचलून खिशात ठेवलं आणि निघून गेला. नवीन खोकं छापून आलं, तेव्हा त्यावर आकडाच नव्हता. ‘दिवसभराची साथ’, असं लिहिलं होतं. कुठला दिवस, केवढा दिवस, कुणाचा दिवस, देव जाणे. त्याच आठवड्यात तिची बदली झाली. थेट तळमजल्यावर, पोपटांच्या रांगेत.

तिथे खिडकी नव्हती, खुर्चीचं एक चाक मोडलेलं होतं, आणि शेजारचा माणूस दिवसभर शेंगदाणे चघळायचा. पहिल्या दिवशी त्याने तिला तयार उत्तर कसं चिकटवायचं ते दाखवलं. तिने मान डोलावली आणि पहिली तक्रार उघडली. कुणी एक शिक्षिका होती. ‘तीस तास’वालं जुनं यंत्र बिघडलंय का, असं तिने फार आर्जवाने विचारलं होतं. आपल्याच हातून काही चुकलं असावं, अशी तिला शंका होती.

तिने लिहिलं: “तुमचं काही चुकलं नाही. यंत्र बिघडलेलंही नाही, ते असंच आहे. नकाशा चालू ठेवला तर साधारण आठ तास चालतं, थंडीत त्याहून कमी. खोक्यावरचा आकडा मी मोजला होता, आणि तो यंत्र न वापरता मोजला होता. लांब जाणार असाल तर जादा बॅटरी सोबत ठेवा, किंवा यंत्र परत करा.” खाली स्वतःचं पूर्ण नाव आणि जुनं पद.

दिवसाला वीसेक उत्तरं जात होती. शेंगदाणेवाल्याने चौथ्या दिवशी वाकून वाचलं, चघळायचा थांबला, आणि म्हणाला, “मी काही पाहिलं नाही हं.” पुढच्या सोमवारी त्याने विचारलं, “ते आठ तासांचं वाक्य मला देता का? लोक फार शिव्या देतात हो.”

तीन आठवड्यांत यंत्रं परत यायला लागली. आधी एकेक, मग पोत्याने. मिस्त्रीच्या गोदामात पाय ठेवायला जागा उरली नाही. तिला वर बोलावलं गेलं. कंपनीच्या मालकीणबाई कधी नव्हे त्या स्वतः बसल्या होत्या, पुढ्यात तिच्या उत्तरांची चळत. शेजारी चकाचक.

“हे तुम्ही लिहिलंत?”

“हो.”

“खरं आहे?”

“कपाट वर आहे. आत्ता लावते, संध्याकाळी बघा.”

मालकीणबाईंनी चकाचककडे पाहिलं. तो छताकडे बघत होता. “हिला काढलं तर ही बाहेर जाऊन हेच सांगेल,” बाई त्याला म्हणाल्या, ती खोलीत नसल्यासारख्या. “आणि हिच्याकडे आकडे आहेत.”

ही काही सचोटी नव्हती, नुसती भीती होती; ते तिला स्वच्छ दिसलं. पण ‘तीस तास’वाल्या उरलेल्या सगळ्या खोक्यांवर चिठ्ठी चिकटवायचं ठरलं: ‘नकाशासह आठ तास’. आत्याच्या आयोजकांनाही तिने सहीनिशी पत्र पाठवलं होतं. त्यांनी नियमाचं कलम उतरवून पाठवलं. आत्याने ते वाचलं, चार ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आणि त्यांना परत धाडलं.

चकाचकचं काय झालं? बढती झाली. नवा विभाग निघाला, ‘ग्राहक विश्वास’, आणि त्याचं प्रमुखपद त्याला मिळालं. त्याच्या सत्काराला सगळ्यांना मोठ्या दालनात उभं केलं. कागदी कपांतून चहा फिरला. तो पारदर्शकतेवर बोलायला लागला. आपण स्वतः आकडे लोकांसमोर आणले, असं सांगताना त्याचा आवाज भरूनसुद्धा आला.

ती दाराशी उभी होती. कोपऱ्यातल्या मिस्त्रीने तिच्याकडे पाहून डोळे फिरवले. तिने अर्धा चहा कुंडीत ओतला आणि खाली गेली. टेबलावर अजून सतरा पत्रं बाकी होती, आणि शेंगदाणेवाला दुपारी लवकर जाणार होता.