भगवंतरावांचा होकार

सहा वर्षं उभी असलेली मोटर चालू करायची तर आधी तिला हात न लावता नुसतं पाहायचं, असं इंद्रभानचं म्हणणं. पण लक्ष्मीकांतला कुठला धीर! भगवंतरावांचा हा थोरला नागपूरहून ताजा डॉक्टर होऊन आला होता आणि संग्रामपूरच्या आसपासची खेडी फिरायला त्याला वडिलांची छपरीतली मोटर हवी होती. नवी बॅटरी जोडून तो सरळ सेल्फ मारायला निघाला.

"थांबा ना, डॉक्टर! काऊन घाई करता?" इंद्रभान ओरडला. "आतलं तेल सुकलं असन. तशीच फिरवली त इंजन घासून जाईन."

"भंगारात द्या म्हनलं होतं मी," ओसरीवरून भगवंतराव पुन्हा पुटपुटले.

इंद्रभान एके काळी याच मोटरीचा ड्रायव्हर. महाराष्ट्र झाला त्या साली त्याची बायको रुख्मिणी बाळंतपणात अडली. सुईण सकाळीच म्हणाली, लक्षण बरं नाही, मलकापूरला न्या. इंद्रभाननं मालकाला मोटर मागितली. "हे काय इचारनं झालं बे? उनाचं नको, दुपार कलली की ने," भगवंतराव म्हणाले. दुपार कलली, रुख्मिणीला मागच्या गादीवर निजवलं आणि मोटर चालू होईना. हँडल मारून मारून इंद्रभानचे तळहात सोलून निघाले. दिवेलागणीला स्वतः भगवंतराव त्याच्यासाठी कंदील धरून उभे राहिले. शेवटी छकडं जुंपलं. मलकापूर दिसायच्या आत रुख्मिणी गेली, पोटातलं लेकरूही गेलं.

भगवंतरावांनी त्या मोटरीत पुन्हा पाय ठेवला नाही. माणूस असावा तर असा, असं गाव म्हणालं. इंद्रभान मात्र स्वतःलाच खात राहिला. ज्याला आपल्या हातातली मोटर सांभाळता आली नाही, तो कसला ड्रायव्हर? त्यानं स्टिअरिंग सोडलं आणि भाजीपाला धरला. मळ्यातली पहिली वांगी मात्र दरसाल भगवंतरावांच्या घरी जायची. देवाच्या आधी, बरं का!

आज त्यांच्याच पोरानं बोलावलं म्हणून तो आनंदानं आला होता. त्यानं टाकीतलं आंबूस वास मारणारं पेट्रोल काढून टाकलं. उंदरांचं घरटं उपसलं. प्लग खोलून भोकांत थोडं थोडं तेल सोडलं आणि ते मुरेपर्यंत ब्रेक पाहिले, पाणी भरलं. मग चाकांना दगड लावून प्लगशिवायच हँडल हळूहळू फिरवलं. अंगठा सवयीनं बोटांच्याच बाजूला ठेवला; हँडल उलटं आलं तर मनगटाचा भुगा होतो. इंजिन लोण्यासारखं फिरलं. लक्ष्मीकांतनं टाळी वाजवली.

पण प्लगला ठिणगी येईना. इंद्रभाननं डेल्कोचं, म्हणजे ठिणगी वाटणाऱ्या डबीचं, झाकण काढलं. आतला रोटर, ज्याच्याशिवाय मोटर म्हणजे नुसतं लोखंड, जागेवर नव्हता.

"उंदरानं नेला असेल," लक्ष्मीकांत म्हणाला.

"उंदीर झाकनाच्या क्लिपा लावून जात नाही, डॉक्टर."

खामगावच्या बाजारात मोटर उभी करताना कुणी ती पळवू नये म्हणून इंद्रभान रोटर काढून खिशात टाकायचा. ही युक्ती त्यानं एकाच माणसाला शिकवली होती. रुख्मिणी अडली त्या दिवशी त्यानं प्लग पुसले, पेट्रोल पाहिलं, पण हे झाकण उघडलं नव्हतं. मालकाच्या घरच्या छपरीत रोटर कोण काढणार? त्याच्या मनालाही ते शिवलं नव्हतं. आता शिवलं. केसानं गळा कापला होता, आणि तोही कंदील धरून!

तो ओसरीपाशी गेला. "मालक, रोटर कुठी हाय?"

भगवंतरावांनी मान खाली घातली. "रुख्मिणी गेल्याचं कळलं तवा इहिरीत टाकला."

"पन काढला काऊन होता?"

"दुसऱ्या दिवशी माह्या पोरीले, प्रेमलाले, पाहाले पाव्हने येनार होते. त्याईले मोटरीत आनाचं होतं. नव्या गाद्या होत्या. वाटेत बाळंत झाली असती त... तोंडावर नाही म्हनवलं नाही माह्याच्यानं. वाटलं, बाया होतेतच बाळंत."

लक्ष्मीकांत खांबाला धरून उभा राहिला. इंद्रभानला रडू येत नव्हतं, नुसती आग होत होती. सहा वर्षं ज्या पापाचं ओझं वाहिलं ते त्याचं नव्हतंच.

"नाही म्हनले असते ना मालक, त मी सकाळीच छकडं जुंपलं असतं."

भगवंतरावांनी हात जोडले. "इंद्रभान, मले माफ करशीन?"

"नाही," इंद्रभान म्हणाला. "पाहा मालक, नाही म्हनाले एवढासाच वेळ लागते."